पाळीच्या आधी चिडून बोललं, तर दोष कुणाचा?

ताई, पाळीच्या आधी जावेला टाकून बोललात. घरचे म्हणतात नाटकं, तुम्ही म्हणता हार्मोन्स. मला दोन्ही अर्धंच पटतं. अंडं सुटल्यानंतर पाळी येईपर्यंत हार्मोन्सचे चढउतार मेंदूतल्या सेरोटोनिनवर, म्हणजे मनःस्थिती सांभाळणाऱ्या रसायनावर, परिणाम करतात, म्हणून तांबडा रस्सा जरा अळणी झाला तरी डोकं फिरतं. राग येणं तुमच्या हातात नाही. पण त्याच दिवशी महाद्वार रोडच्या दुकानात गिऱ्हाइकाशी गोड बोललातच की! मग जावेला ‘चुकलं माझं’ म्हणायला काय हरकत आहे? (आणि घरच्यांनीही प्रत्येक रास्त तक्रारीवर ‘तारीख जवळ आली वाटतं’ म्हणू नये. लय डोक्यात जातं ते.)

२०१८ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने पाळीपूर्व त्रासाचा मुद्दा धरून एका बाईला खुनाच्या आरोपातून सोडलं, पण तिथं डॉक्टरांच्या साक्षी होत्या. जावेशी भांडणाला तो दाखला नको.

दोन-तीन महिने कॅलेंडरवर झोप, चिडचिड, रडू रोजच्या रोज लिहा. त्या दिवसांत जीव नकोसा होत असेल आणि पाळी आल्यावर निवळत असेल, तर पीएमडीडी, म्हणजे पाळीपूर्व त्रासाचा तीव्र विकार, असू शकतो. त्यावर औषधं आहेत. ते कॅलेंडर घेऊन सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. जीव द्यावासा वाटला तर मात्र महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी जा.