‘लगना’चे इंग्रजी कसे करावे?

प्रश्न : हिंदीतून इंग्रजीत अनुवाद करताना ‘लगना’ आले की काम अडते. कोशात अर्थांची भलीमोठी रांग असते. त्यातला नेमका कोणता घ्यायचा? मराठी ‘लागणे’ मनात धरून पुढे गेले तर चालेल का?

उत्तर : मूळ अर्थ एकच, एक वस्तू दुसरीला टेकणे किंवा चिकटणे. गोळी अंगाला लागते, भूक जिवाला लागते, वेळ कामाला लागतो. हिंदीला एवढ्यावर भागवता येते. इंग्रजी मात्र दर वेळी वेगळे क्रियापद मागते. म्हणून आधी वाक्याची ठेवण पाहा, कोश नंतर उघडा.

‘लगना’च्या लगेच आधी ‘-ने’ने संपणारे क्रियापद असेल तर अर्थ ‘सुरू होणे’. ‘बच्चा रोने लगा’ म्हणजे मूल रडू लागले. इथे ‘बिगॅन टू क्राय’. क्रियापदानंतर ‘में’ आणि पुढे काही मोजमाप असेल, तर खर्ची पडणे. ‘पुल बनाने में दो साल लगे’ला ‘इट टुक टू इयर्स’. त्याच जागी रुपये आले की ‘कॉस्ट’ हवे.

खरी कसोटी ‘वाटणे’ या अर्थाची. ‘मुझे लगता है’ला ‘आय थिंक’ पुरते. ‘मुझे लगा तुम चले गए’मध्ये मात्र समज चुकीचा निघाल्याची छटा बहुधा असते, म्हणून ‘आय थॉट यू हॅड लेफ्ट’. ‘वह थका हुआ लगता है’ यात थकवा डोळ्यांना दिसला की फोनवरच्या आवाजातून कळला, हे हिंदी सांगत नाही. इंग्रजीला ते ठरवावे लागते : दिसला तर ‘लुक्स’, ऐकला तर ‘साउंड्स’. ‘चाय फीकी लगी’ला ‘टेस्टेड’. त्यामुळे मागची-पुढची दोन-तीन वाक्ये वाचल्याशिवाय हात घालू नये. संदर्भ काहीच नसेल तेव्हाच ‘सीम्स’. सगळीकडे ‘सीम्स’ टाकले की अनुवाद निर्जीव होतो, आणि नवख्यांच्या मसुद्यात हाच दोष सर्वाधिक दिसतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. ‘वे मेरे चाचा लगते हैं’ म्हणजे ते नात्याने माझे काका लागतात. इथे ‘सीम्स’ केले तर नात्यावरच शंका घेतल्यासारखे होते.

‘लागणे’चा आधार अर्धाच घ्या. डोळा लागणे आणि ‘आँख लगना’ एकच. पण ‘मला जावे लागले’चे हिंदी ‘मुझे जाना पड़ा’. तिथे ‘लगा’ चालत नाही. ‘मला पैसे लागतील’ म्हणजे मला हवेत, हिंदीत ‘चाहिए’. ‘इसमें पैसे लगेंगे’ म्हणजे यात खर्च येईल. ‘मन नहीं लगता’ तर दोन वाटांनी जाते. ‘नए शहर में मन नहीं लगता’ म्हणजे करमत नाही, म्हणून ‘आय कान्ट सेटल डाउन हिअर’सारखे काही, ‘पढ़ाई में मन नहीं लगता’ला ‘कॉन्सन्ट्रेट’. करमणे हा आपला शब्द इथे फार उपयोगी पडतो : वाक्यात तो बसला की पहिला अर्थ, नाहीतर दुसरा.

प्रश्न : ‘आग लगी’ आणि ‘आग लगाई’ यांत इंग्रजीत फरक राखणे खरेच गरजेचे आहे का?

उत्तर : अत्यंत गरजेचे, विशेषतः बातमी, विमा आणि न्यायालयीन कागदांत. ‘लगना’ अकर्मक, ‘लगाना’ सकर्मक. पूर्णतेच्या भूतकाळात ‘लगाना’चा कर्ता ‘ने’ घेतो, ‘लगना’चा कधीच घेत नाही. ‘दुकान में आग लगी’ म्हणजे ‘द शॉप कॉट फायर’. कोणी लावली याचा उल्लेखच नाही. ‘उसने दुकान में आग लगाई’ म्हणजे ‘ही सेट फायर टू द शॉप’. हा आरोप आहे. ‘द शॉप वॉज सेट ऑन फायर’ लिहिले की कोणीतरी मुद्दाम आग लावली असे इंग्रजी वाचकाला वाटते, म्हणून ‘आग लगी’साठी ही रचना टाळा. उलटतपासणीसाठी आपले इंग्रजी वाक्य पुन्हा हिंदीत करून पाहा. त्यात ‘ने’ किंवा ‘लगाई गई’ आले आणि मुळात ते नव्हते, तर वाक्य बदला.