दोघे कमावतो, तरी पुरत का नाही?

"आम्ही दोघे कमावतो, व्यसन नाही, चैन नाही, तरी वीस तारखेनंतर हात आखडतो, आमचेच काही चुकते आहे का?" हा प्रश्न माझ्या इंदूरच्या समुपदेशन कक्षात गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा आला आहे की, तो कोणत्या स्वरात विचारला जातो यावरून घरात काय चालले असेल याचा थोडाफार अंदाज येतो. विचारणाऱ्याला बहुधा हिशेब समजून घ्यायचा नसतो. आपण दोषी आहोत का, एवढेच जाणून घ्यायचे असते. अशाच एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

डिसेंबरात सुदामा नगरहून एक शिक्षिका आल्या. तक्रार झोप न लागण्याची होती. पती पीथमपूरच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक, त्या स्वतः खासगी शाळेत. दोघांचे मिळून महिन्याला 55 हजारांच्या आसपास. घरात आठवीतली मुलगी, 74 वर्षांचे सासरे आणि घराचे कर्ज. मी सवयीने खर्च लिहून ठेवायला सुचवले आणि तिथेच चुकले. "मॅडम, लग्न झाल्यापासून मी डायरी लिहिते आहे," त्या म्हणाल्या, "ती उघडली की झोप उडते." काटकसरीने जगणाऱ्या माणसाला काटकसरीचा सल्ला देणे म्हणजे त्याच्यावर आळ घेणेच असते, हे मला इतक्या वर्षांनंतरही कधीकधी विसरायला होते.

पुढच्या भेटीला पती सोबत आले आणि पहिला अर्धा तास केवळ सरकारविषयी बोलले. महागाई घसरल्याचे टीव्हीवर सांगतात, मग ती आमच्या घरी का पोचत नाही, हा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर खरोखरच अर्ध्या टक्क्याच्याही खाली होता. परंतु दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे, तर भाव वाढण्याचा वेग मंदावणे. आधीच्या वर्षांत जे चढले ते बहुतांशी चढलेलेच राहते. खाद्यतेलाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण बाईंचे माहेर माळव्यातले, सोयाबीन पिकवणारे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के आयात शुल्क लावले, कारण सोयाबीनचा बाजारभाव 4,892 रुपये या हमीभावाखाली गेला होता आणि शेतकरी संतापले होते. तेल महागले. मे 2025 च्या अखेरीस ते शुल्क 10 टक्क्यांवर आणले गेले. म्हणजे माहेरच्या शेताला हात द्यायचा तर सासरच्या कढईला चटका बसणार, अशी ती गाठ आहे, आणि ती बाईंच्या डायरीतून सुटण्यासारखी नाही.

हे ऐकल्यावर पती प्रथमच पत्नीकडे वळून बोलले. सात महिने ते क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरत होते. महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढत होते आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. त्यावर रागावतील असे वाटलेल्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की, दिवाळीसाठी ठेवलेली बीसी (पुण्या-मुंबईकडची भिशी) त्यांनी जुलैतच उचलून मुलीच्या शाळेत भरली होती, आणि थायरॉइडची तपासणी दोनदा टाळली होती. पैशांची चणचण घरात आली की आधी अशी लपवाछपवी सुरू होते, भांडण नंतर येते. आणि ते भांडण बहुधा पैशांचे नसते, "मला सांगितले का नाही" याचे असते.

मग आम्ही एक वही केली. रविवारी पोहे झाल्यावर अर्धा तास, दोघांनी मिळून, "तुझ्यामुळे" हा शब्द न उच्चारता बसायचे. पानावर तीन रकाने: भाव वाढला म्हणून गेलेला पैसा, आपण ठरवले म्हणून गेलेला, आणि आपल्याला माहीत नव्हते म्हणून गेलेला. तिसरा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सरकारी उपायांपैकी आपल्या वाट्याचे काय आहे हे तिथेच कळते. प्राप्तिकरातील 12 लाखांच्या सवलतीचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. त्यांना कर आधीही लागत नव्हता. शाळेच्या शुल्कासाठी मध्य प्रदेशात 2017 चा कायदा आहे, पण जिल्हा समितीची मंजुरी 10 टक्क्यांहून अधिक वाढीला लागते आणि मुलीच्या शाळेने नऊ टक्के वाढवले होते! मात्र सासऱ्यांसाठी दरवर्षी भरला जाणारा विम्याचा मोठा हप्ता तिसऱ्या रकान्यात आला. आयुष्मान योजना गरिबांसाठीच असते अशी त्यांची समजूत होती. 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून आहे. विमा लगेच बंद करू नका, जवळची कोणती रुग्णालये त्या यादीत आहेत ते आधी पाहा, एवढे मी बजावले. गृहकर्जाचेही तसेच झाले होते. 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत घटवली होती. हप्ता कमी करून मागता येतो हे त्यांनी विचारलेच नव्हते. विचारल्यावर तो कमी झाला. कार्डाची थकबाकी कारखान्याच्या पतसंस्थेच्या कर्जातून एकरकमी फेडायचे ठरले.

एक गोष्ट मात्र वहीत बसेना. घरी कामाला येणाऱ्या मावशींना राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे दरमहा पैसे मिळतात, जून 2023 मध्ये 1,000 होते ते आता 1,500 रुपये झाले, याचा बाईंना राग होता, आणि त्या रागाची त्यांना लाजही वाटत होती. योजनेची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाखांची आहे, मावशींचे घर त्या पैशांवर उभे राहत नाही, हे त्या जाणत होत्या. मी त्यांना समजावायला गेले नाही. मर्यादेच्या थोडे वर असलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, ही जाणीव खोटी नसते; धोरण आखणाऱ्यांनी त्याची दखल घ्यायला हवी असे माझेही मत आहे. फक्त तो राग मावशींवर निघू नये, इतकेच आम्ही बोललो.

झोप सुधारायला दोन महिने लागले. थायरॉइडची तपासणी झाली, गोळीची मात्रा वाढली. म्हणजे चिडचिडीचा काही भाग महागाईचा नव्हताच.

पतींना सर्वांत भावला तो विजेचा हिशेब. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर राज्याच्या योजनेनुसार पहिल्या 100 युनिटांचे बिल 100 रुपये येते, आणि यांचे बिल दर महिन्याला थोडक्यात हुकत होते. कारखान्यातल्या सवयीने ते रोज सकाळी मीटर लिहू लागले. मार्चच्या बिलात 148 युनिटे आली, त्याचा फोटो त्यांनी मला पाठवला, आणि खाली लिहिले होते की एप्रिलमध्ये कूलर लागला की हे काही टिकणार नाही.