दर खेपेला वेगळी शेपूट

प्रश्न: मॅडम, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डीएनएला झालेली इजा मोजायला आम्ही कॉमेट चाचणी करतो, शेपटीत जितका जास्त डीएनए तितकी इजा जास्त. तुलनेच्या नमुन्यांसाठी, म्हणजे कंट्रोलसाठी, दर वेळी ताज्या पेशी आणायला नकोत म्हणून लिम्फोसाइटची (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) एकच मोठी तुकडी केली. निम्म्या पेशी तशाच ठेवल्या, निम्म्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं आणि डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रव्य) घालून १-१ मिलीलिटरच्या व्हायल (छोट्या कुप्या) उणे ८० च्या फ्रीझरमध्ये टाकल्या. लागेल तेव्हा व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची, थोडं काढून घ्यायचं, उरलेलं परत आत. पहिल्या खेपेला साध्या पेशींच्या शेपटीत ६ टक्के डीएनए होता, आता २४ आहे. पेरॉक्साइडवाल्यांत ५८ होता तो ३६ वर आला. चांगल्या पेशी बिघडतायत आणि बिघडवलेल्या सुधारतायत! आमचा फ्रीझर खराब आहे का?

उत्तर: फ्रीझरवर आळ घेण्याआधी तुमच्याच पत्रातले तीन शब्द पुन्हा वाचा: ‘उरलेलं परत आत’.

ज्यांनी ही चाचणी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पेशी अ‍ॅगरोज या जेलच्या पातळ थरात रोवतात, खारट डिटर्जंटने त्यांची सालं काढतात (हेच लायसिस), मग अल्कलीत ठेवून वीज सोडतात. अखंड डीएनए जागेवर गोळा होऊन राहतो आणि तुटलेला धन टोकाकडे ओढला जाऊन धूमकेतूसारखी शेपूट काढतो. १९८४ साली ओस्टलिंग आणि योहान्सन यांनी ही कल्पना मांडली, १९८८ साली एन. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी तिला अल्कलीची जोड दिली आणि एकपदरी तूटही (डीएनएच्या दोन पदरांपैकी एकच तुटलेला) दिसू लागली.

आता तुमचं कोडं. तुमचे दोन आकडे उलट दिशांना पळतायत म्हणून तुम्हाला ते दोन वेगळे बिघाड वाटले. मला एकच दिसतो. व्हायलमध्ये रसायन आहे असं तुम्ही धरून चाललात, पण तिथे जिवंत पेशी आहेत. साध्या पेशी दर गोठण्या-वितळण्यात बर्फाच्या स्फटिकांचा आणि क्षारांचा मार खातात, काही मरतात, मरताना त्यांचा डीएनए तुटतो, म्हणून ६ चे २४. पेरॉक्साइड खाल्लेल्या पेशींकडे मात्र दुरुस्तीची सगळी अवजारं शाबूत असतात. ३७ अंशांचं पाणी मिळालं की त्या कामाला लागतात. एकपदरी तुटी जोडायला पेशीला फार वेळ लागत नाही, मिनिटांचा हिशेब असतो. शिवाय सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या पेशी फुटून धुण्यात वाहून जातात आणि मागे उरतात त्या धडधाकट. सरासरी घसरणारच!

म्हणून पहिला नियम: एक व्हायल, एक खेप. वितळली की वापरायची, उरली की टाकायची. टाकताना जीव कळवळतो हे मला ठाऊक आहे, त्यावर उपाय म्हणजे मुळात कमी भरणं. एका जेलला दहा-वीस हजार पेशी पुरतात. मग मिलीलिटरभर कशाला? १०० मायक्रोलिटरमध्ये एक-दोन लाख पेशी भरा आणि चार व्हायलऐवजी साठ करा. सगळ्या एकाच दिवशी, एकाच हाताने.

इजा करतानाही घाई नको. पेरॉक्साइडची ३० टक्क्यांची बाटली म्हणजे जवळपास ९.८ मोलर, पण ती उघडल्यापासून कमजोर होत जाते. लेबलवर विसंबू नका, २४० नॅनोमीटरला शोषण मोजून खरी तीव्रता काढा आणि सौम्य द्रावण त्याच दिवशी बनवा. पेशी बर्फावर असताना ५० मायक्रोमोलर, पाच मिनिटं, लगेच गार बफरने धुवून गार माध्यमात. बर्फ एवढ्यासाठीच की तुटी होतात पण जोडल्या जात नाहीत. १० टक्के डीएमएसओ यानंतरच घाला. कोणी आधी घालून ठेवतं, वेळ वाचावा म्हणून. मग पेरॉक्साइडपासून बनणारी, डीएनए तोडणारी हायड्रॉक्सिल मूलकं डीएमएसओच गिळतो आणि शेपूट का येत नाही म्हणून पेरॉक्साइडला शिव्या बसतात.

गोठवताना मिनिटाला साधारण १ अंश या वेगाने. आयसोप्रोपॅनॉलचा डबा उणे ८० मध्ये रात्रभर ठेवला की ते साधतं. काही महिन्यांचं काम असेल तर उणे ८० चालेल. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर द्रव नायट्रोजन, कारण उणे ८० ला बर्फातली हालचाल मंदावते, थांबत नाही. आणि उणे २० चा, आपोआप बर्फ झाडणारा फ्रीझर? तो बर्फ झाडण्यासाठी थोडा वेळ तापतो. नकोच.

वितळवताना व्हायल ३७ च्या पाण्यात धरा, पण बर्फाचा एक कण दिसत असतानाच बाहेर काढा आणि थेट बर्फात. गार बफर, ४ अंशांना सेंट्रिफ्यूज, अ‍ॅगरोज आधीच वितळवून तयार, जेल गार पट्टीवर, मग लायसिस. लायसिसमध्ये पोहोचलं की दुरुस्ती संपली, तिथे श्वास घ्या. त्याआधी फोन उचलू नका.

माझीही एक फजिती सांगते. एका तुकडीचे आकडे काही केल्या जुळेनात, एक दिवस चांगला, दोन दिवस वाईट. माणसं बदलून पाहिली, अ‍ॅगरोज बदलून पाहिलं. शेवटी डब्याच्या जागांचा नकाशा काढला तर वाईट निघालेल्या बहुतेक व्हायल दाराजवळच्या रांगेतल्या. ते दार दिवसातून कितीदा उघडत होतं, कोण मोजतं! तेव्हापासून माझे कंट्रोल मागच्या कोपऱ्यात, आणि निम्मे दुसऱ्याच फ्रीझरमध्ये.

आणखी एक. दर खेपेला एक साधी आणि एक पेरॉक्साइडवाली व्हायल चालवा, शेपटीतला टक्का कागदावर ठिपक्याने मांडा. पहिल्या दहा खेपांतून सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. पुढचा ठिपका दोन विचलनांच्या बाहेर गेला तर त्या खेपेचे नमुने मोजायचे नाहीत, कितीही सुंदर दिसले तरी. जुनी तुकडी संपत आली की नवी तिच्या शेजारी तीन-चार खेपा चालवा. संपल्यावर नवी केलीत तर जुन्या-नव्याचा पूल बांधायला काहीच उरत नाही.

तुम्ही एफपीजी एन्झाइम (ऑक्सिडेशनने बिघडलेल्या जागी डीएनए कापून ती इजा दाखवणारं) वापरत असाल तर पेरॉक्साइडचा कंट्रोल पुरणार नाही. त्याने मुख्यतः सरळ तुटी होतात, एन्झाइम मेलेलं असलं तरी शेपूट दिसते. ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे डीएनएतल्या ग्वानिनचं ऑक्सिडेशनने बिघडलेलं रूप, करणारा वेगळा कंट्रोल हवा: आरओ १९-८०२२ हे प्रकाशसंवेदी द्रव्य आणि दृश्य प्रकाश, नाहीतर पोटॅशियम ब्रोमेट. तोही असाच गोठवता येतो.

प्रश्न: लिम्फोसाइट वेगळ्या न करता अख्खं रक्त गोठवलं तर चालेल का? डीएमएसओ घालावं लागेल?

उत्तर: चालतं, आणि डीएमएसओशिवायही चालतं, फक्त आकारमान लहान ठेवा, फार तर २५० मायक्रोलिटर, आणि थेट उणे ८० मध्ये. खरी अडचण वितळताना. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधलं लोह मोकळं फिरतं आणि पांढऱ्या पेशींचा डीएनए तिथल्या तिथे बिघडवू शकतं. म्हणून हे रक्त गारच वितळू द्या आणि शक्य तितक्या लवकर अ‍ॅगरोजमध्ये आणि लायसिसमध्ये ढकला.

प्रश्न: पेशींऐवजी तयार स्लाइडच साठवल्या तर?

उत्तर: वीज सोडून, उदासीन करून झालेली स्लाइड इथेनॉलमध्ये बुडवून वाळवली तर ती खोलीतल्या खणातही दीर्घकाळ टिकते, हवी तेव्हा ओली करून रंगवा. पण ती स्लाइड ज्या दिवशी चालवली त्याच दिवसाची साक्ष देते. आजचं लायसिस, आजचं अल्कली, आजची वीज ठीक होती की नाही हे तिला माहीत नसतं. नवीन मुलांना मोजणी शिकवायला मात्र तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. माझ्या खणात तसा एक संच अजून आहे.