बाबांना खेळायला कुठे नेऊ?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत सनसेट भागात राहतो. जूनमध्ये माझे बाबा पुण्याहून पाच-सहा महिन्यांसाठी येताहेत. ते सैन्यातून निवृत्त झाले आहेत, वय ७२, आणि उमेदीची सगळी वर्षं छावणीतल्या कोर्सवर गोल्फ खेळलेत. मागच्या खेपेला आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत आणि ते दिवसभर घरात, त्यामुळे फार कंटाळले. या वेळी त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा खेळता यावं असं वाटतं. ज्याला विचारावं तो हार्डिंग पार्कचं नाव घेतो. तिथेच न्यावं का? एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण रोज चार किलोमीटर चालतात. गाडी दिवसा आमच्याकडे असते, खर्चालाही मर्यादा आहे. मी स्वतः नुकताच खेळायला लागलोय. (सनसेटमधील वाचक)

उत्तर : हार्डिंग पार्कला जरूर न्या, पण सुरुवात तिथून करू नका. रोजचा कोर्स वेगळा आणि नवसाचा कोर्स वेगळा. तुम्ही विचारताय रोजच्या कोर्सबद्दल, आणि लोक सांगताहेत नवसाचा.

बाबांचा रोजचा कोर्स लिंकन पार्क असावा असं माझं स्पष्ट मत आहे. सनसेटमधून १८ नंबरची बस थेट लीजन ऑफ ऑनर संग्रहालयापाशी जाते आणि हा कोर्स त्या संग्रहालयाच्या भोवतीच पसरलेला आहे. गाडीसाठी कुणाची वाट बघायला नको. सैन्यात राहिलेल्या माणसाला हे किती महत्त्वाचं असतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. आपला आपण उठून, बॅग खांद्याला लावून खेळायला जाणं आणि मुलगा सोडेल तेव्हा जाणं यांत फार अंतर आहे. बसमध्ये पूर्ण सेट न्यायची गरज नाही. हलकी बॅग, सात-आठ स्टिक पुरतात.

हा शहराचा सगळ्यात जुना सार्वजनिक कोर्स. १९०२ मध्ये इथे तीन होल आखले गेले आणि १९१७ पर्यंत ते अठरा झाले. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत असे ठरवलेले फटके, फक्त ६८, लांबी पाच हजार यार्डांच्या थोडी वर. ७२ व्या वर्षी ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या स्टिकने, चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही. सात हजार यार्डांच्या कोर्सवर प्रत्येक होलला फेअरवे वूड (दुसरी लांब पल्ल्याची स्टिक) काढून काढून माणूस मेटाकुटीला येतो. लिंकनवर दुसरा शॉट आयर्नचा, म्हणजे कमी अंतराच्या, नेमक्या फटक्याच्या स्टिकचा उरतो, म्हणजे ज्या शॉटमध्ये जुन्या खेळाडूची नजर आणि हात कामाला येतात तोच खेळायला मिळतो. चढउतार आहेत, हे लपवत नाही. पण पुशकार्ट (बॅग ठेवून ढकलायची गाडी) घेतलं तर गुडघ्यावर भार कमी येतो आणि पहिले काही आठवडे नऊ होलच खेळले तरी चालतात.

गवताची निगा मात्र छावणीसारखी मिळणार नाही. टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, झिजलेल्या असतात, पावसाळ्यात म्हणजे इथल्या हिवाळ्यात पाणी साचतं, बंकरमधली वाळू कधी कडक लागते. सैन्यातल्या कोर्सवर सगळं कसं चुन्याने आखल्यासारखं असतं, तेव्हा बाबा पहिल्या दिवशी नाक मुरडतील. मुरडू द्या. सतराव्या होलपर्यंत पोचले की विषय संपेल. हा जवळपास २४० यार्डांचा पार ३. कड्याच्या अंगाने खेळायचा, समोर खाडीचं तोंड आणि गोल्डन गेट पूल. वारा समुद्राकडून येतो आणि चेंडू हवेत असतानाच त्याची दिशा फिरवतो. तिथे मी ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) थेट मारायच्या फंदात पडत नाही. अलीकडे चेंडू ठेवायचा, चिप (छोटा, हलका फटका) करायची, चार फटके घ्यायचे आणि समाधानाने पुढे जायचं. बाबांनाही हेच सांगेन.

आणखी एक गोष्ट त्यांना दाखवा. फेअरवेजच्या, म्हणजे टी ते ग्रीन अशा गवताच्या पट्ट्यांच्या मध्ये एक जुनी कमानीसारखी वास्तू उभी आहे, तिच्यावर चिनी अक्षरं आहेत. कोर्स होण्याआधी इथे शहराची दफनभूमी होती. गरीब, परदेशी, खलाशी अशा लोकांना इथे पुरत असत. चिनी मजुरांची हाडं पुढे उकरून त्यांच्या गावी पाठवायची प्रथा होती, आणि त्या आधीचे विधी या वास्तूपाशी व्हायचे. पण बहुतेकांचे अवशेष कुणी हलवलेच नाहीत. १९९० च्या दशकात संग्रहालयाची दुरुस्ती करताना जमिनीखाली शेकडो सांगाडे सापडले. चेंडू त्या वास्तूच्या जवळ गेला तर मी चटकन मारून पुढे जात नाही, क्षणभर थांबते. परक्या देशात मेलेल्या कष्टकऱ्यांची ही जागा आहे. आपणही लांबून आलेले लोक आहोत, आपल्याला तरी तिचं भान असावं.

आता हवेबद्दल. पुण्याचा माणूस जून-जुलै म्हणजे इथला उन्हाळा समजून अर्ध्या बाह्यांचे शर्ट भरून आणतो. तुमच्याकडे सनसेटमध्ये त्या महिन्यांत कसं धुकं असतं ते तुम्ही रोज बघताच. लिंकनवर त्यात वाऱ्याची भर पडते. थंड हवेत चेंडू कमी जातो. पुण्यात सात नंबरच्या आयर्नने जिथे पोचायचा तिथे इथे सहा किंवा पाच घ्यावा लागेल (आकडा लहान तितका फटका लांब). हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वय झालं म्हणून ताकद गेली असं त्यांच्या मनात बसेल. ताकद गेलेली नसते, हवा वेगळी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धुकं विरळ होतं आणि शहराचे सर्वांत चांगले दिवस येतात. हार्डिंग पार्कचा नवस तेव्हा फेडा.

हार्डिंग थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. १९२५ चा कोर्स, मर्सेड तळ्याच्या काठचा, सरूसारख्या उंच मॉन्टेरे सायप्रसच्या रांगांमधला. २०२० ची पीजीए चॅम्पियनशिप, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, इथे प्रेक्षकांविना झाली आणि विजेत्या कॉलिन मोरिकावाने सोळाव्या होलवर, पार ४ असताना, टीवरून थेट ग्रीन गाठून ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) केला. बाबांना त्या टीवर उभं राहायला नक्की आवडेल. पण बाहेरच्यांसाठीचा दर लिंकनच्या कितीतरी पट आहे. तिथे जाल तेव्हा पुढच्या, म्हणजे ग्रीनला जवळच्या टीवरून खेळा, हट्ट नको. त्याच आवारात फ्लेमिंग नावाचा नऊ होलचा छोटा कोर्स आहे. गुडघा कुरकुरत असेल त्या आठवड्यात तो छान.

शनिवारी गाडी मोकळी असेल तर शार्प पार्क. हा पॅसिफिका गावात, पण मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची. सपाट, समुद्राला लागून, मध्ये बांध. १९३२ मध्ये सुरू झालेला हा कोर्स अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने आखला, म्हणजे ज्याने नामवंत खेळाडू बॉबी जोन्सबरोबर मास्टर्स स्पर्धेचा ऑगस्टा नॅशनल कोर्स आखला तोच माणूस. त्याच्या हातचा कोर्स सामान्य माणसाला नगरपालिकेच्या दरात खेळता यावा, ही मला या शहराची सर्वांत मोठी श्रीमंती वाटते. वादळांत मूळचे काही होल गेले आणि तळ्याकडच्या भागात दुर्मीळ बेडूक आणि साप असल्याने कोर्स बंद करावा अशी मागणीही झाली. बेडूक राहावेत आणि कोर्सही राहावा असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात तिथे जाऊ नका, चिखल असतो. तुमचे बाबा नोव्हेंबरपर्यंतच आहेत, तेव्हा अडचण नाही. सलग अठरा होल चालायचे असतील तर गुडघ्यासाठी हाच सर्वांत सोपा.

प्रेसिडिओ १८९५ चा, मूळचा लष्कराचा. त्यामुळे बाबांना तो बघायची ओढ लागेल, पण चढ दमवणारे आहेत आणि दरही जड. जमीन वाळूची असल्याने पावसातही पाणी धरत नाही, एवढं लक्षात ठेवा. ग्लेनईगल्स हा मॅक्लारेन पार्कमधला नऊ होलचा कोर्स. मला आवडतो, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तिथे नेणार नाही.

शहराचं रहिवासी कार्ड तुम्ही स्वतःच्या नावावर काढा. पत्त्याचा पुरावा लागतो, त्याने तुमचा दर बराच खाली येतो. बाबा पाहुणे असल्याने त्यांना बाहेरच्यांचा दर पडेल, म्हणूनही लिंकन बरा. दुपारनंतरचा दर कमी असतो, पण वारा तेव्हाच जोर धरतो. तेव्हा मधल्या वारी सकाळीच जावं.

लिंकनवर कॅडी मिळणार नाही, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगा. छावणीत रेषा सांगणारा, चेंडू शोधणारा, घरची खुशाली विचारणारा माणूस सोबत असतो. इथे बॅग आपण ओढायची आणि चेंडू आपण शोधायचा. त्या जागी दुसरं काही मिळतं. एकटा माणूस गेला तर स्टार्टर (पहिल्या टीवर क्रम लावणारा कर्मचारी) त्याला दोघा-तिघांच्या गटात घालतो. लिंकनवर सकाळी निवृत्त शिक्षक, बसचालक, चिनी आजोबा असे लोक असतात. चार तास बरोबर चालल्यावर ओळख होतेच. दिवसभर घरात बसून आलेला कंटाळा तुम्ही लिहिलात, त्यावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : मी रिचमंड भागात राहते, गोल्फ कधीच खेळले नाही. एकटी बाई शिकायला गेले तर चालेल का? पूर्ण सेट घ्यावा लागेल का? (एक वाचक)

उत्तर : चालेल, आणि सेट घेऊ नका. गोल्डन गेट पार्कच्या पश्चिम टोकाला नऊ होलचा छोटा कोर्स आहे. तो १९५१ पासूनचा, नव्याने आखून २०२४ मध्ये उघडला. सगळे होल पार ३. जुन्या वाळूच्या टेकड्यांवर असल्याने जमीन टणक आहे, गवत आखूड आहे, आणि ग्रीनच्या बाहेरूनही पटरने (चेंडू जमिनीवरून ढकलायच्या स्टिकने) चेंडू घरंगळत नेता येतो. उंच मारायची धास्ती असलेल्या नवख्या माणसाला याचा फार आधार वाटतो. नऊ नंबरचा आयर्न, सात नंबरचा आयर्न आणि पटर, एवढं पुरे. मुलं, आजी-आजोबा सगळे खेळतात, कुणी घाई करत नाही. मागचा गट जवळ आला तर हात करून पुढे जाऊ द्या, एवढा शिष्टाचार पहिल्या दिवशी पुरतो. वरच्या पत्रातल्या वाचकांनीही आपल्या मुलीला आणि आजोबांना पहिल्या रविवारी इथेच आणावं.

जाता जाता त्यांच्यासाठी राहिलेलं एक : बाबांना पुण्याहून निघताना बुटांचे स्पाइक ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मगच बॅगेत भरायला सांगा. परदेशी माती इथे आणू देत नाहीत, आणि विमानतळावर बॅग उघडून बघू शकतात.