चीनमध्ये पांडा केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करता येतं का? अनुभव कसा असतो?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पांडाच्या केंद्रात काम करायला मिळतं का, पांडाला कुशीत घेता येतं का, आणि एवढा खर्च करून जाण्यात अर्थ आहे का. कुशीत घ्यायला जाणार असाल तर जाऊ नका. विष्ठा उचलायची आणि बांबू फोडायची तयारी असेल तर मात्र जरूर जा. माझ्या चीनच्या प्रवासात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच कामाने.

आधी केंद्रांबद्दल, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. सिचुआन प्रांतातल्या चेंगडू शहराच्या कडेला जे प्रसिद्ध केंद्र आहे ते १९८७ साली जंगलातून वाचवून आणलेल्या सहा पांडांवर सुरू झालं. मेट्रोने जाता येतं, तिकीट पासपोर्ट क्रमांक देऊन आधी ऑनलाइन काढावं लागतं. पांडा पाहायला ही जागा उत्तम. वोलोंग, दुजियांगयान आणि याआनजवळचं बिफेंगशिया ही केंद्रं वेगळ्या संस्थेची. पर्यटकांना पांडांची निगा राखणाऱ्या रखवालदारांच्या हाताखाली दिवसभर काम देण्याचा उपक्रम या संस्थेने चालवला आणि मी तो दुजियांगयानला केला. चेंगडूहून रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येतं. फी भरावी लागते, वयाची अट असते आणि डॉक्टरचा दाखला मागतात. नियम बदलत राहतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी केंद्राकडून लेखी होकार घ्या. मधल्या एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

या संस्थेचं मूळ वोलोंगच्या डोंगरात आहे. १२ मे २००८ च्या भूकंपात तिथलं केंद्र उद्ध्वस्त झालं. माओ माओ नावाची मादी कोसळलेल्या भिंतीखाली सापडून मेली आणि बाकीचे पांडा दुसरीकडे हलवावे लागले. नवं केंद्र वोलोंगच्याच हद्दीत, गेंगदा गावाजवळ उभं राहिलं आणि २०१६ मध्ये खुलं झालं. वेळ असेल तर तिथेही जा, डोंगर आणि हवा दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

आता काम. सकाळी अंगावर चढवायला कामाचे कपडे आणि हातमोजे मिळतात. पांडा बाहेरच्या अंगणात गेला की आतली खोली झाडायची. कालचा उरलेला बांबू गोळा करायचा, विष्ठा फावड्याने उचलायची, फरशी धुवायची. विष्ठेला दुर्गंधी नसते, ओल्या बांबूचा वास येतो. रताळ्याच्या आकाराचे हिरवट गोळे असतात आणि मोडून पाहिलं तर बांबूचे तुकडे जवळपास जसेच्या तसे दिसतात. कारण पांडाचं पोट अजून मांसाहारी प्राण्याचं आहे. खाल्लेल्यातला पाचवा हिस्साही त्याला धड पचत नाही, म्हणून तो दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू खातो आणि दिवसाचा निम्मा वेळ चावण्यातच घालवतो.

ही विष्ठा फेकून देण्याची वस्तू नाही, हे मला तिथे कळलं. जंगलात पांडा क्वचितच दृष्टीस पडतो, त्यामुळे गणना करणारे डोंगरात फिरून विष्ठाच शोधतात. प्रत्येक पांडा बांबूचा घास ठराविक लांबीचा तोडतो. त्या तुकड्यांची लांबी मोजून हा पांडा वेगळा, तो वेगळा असं ठरवतात, आणि आता जोडीला डीएनएचीही तपासणी करतात. २०११ ते २०१४ च्या गणनेत जंगलात १,८६४ पांडा निघाले, त्यामागे असं कष्टाचं काम आहे.

मग बांबू. जाड दांडे जमिनीवर जोरात आपटून फोडायचे, म्हणजे पांडाला सोलायला सोपं जातं. खांदे भरून येतात. दुपारी गजांआडून गाजर, सफरचंद आणि मका-सोयाबीन-तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे द्यायचे. तेही हाताने नाही, काठीच्या टोकाला लावून. मी ज्या मादीला भरवलं ती भिंतीला पाठ टेकून बसली होती. मनगटाचं एक हाड वाढून पांडाला जणू सहावं बोट आलेलं असतं, त्यात तिने दांडा पकडला, बाजूच्या दातांनी हिरवी साल टराटरा सोलून पोटावर टाकली आणि आतला गाभा कडाकडा चावला. दोन हातांवरून तो आवाज ऐकला की अस्वलाचा जबडा म्हणजे काय ते समजतं.

पूर्वी काही केंद्रांत पैसे भरून पांडाला धरून फोटो काढता येत असे. आता ते बंद आहे आणि बंदच राहायला हवं. २०१४-१५ च्या हिवाळ्यात शान्शी प्रांतातल्या एका केंद्रात कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये पसरणाऱ्या विषाणूच्या रोगाने पांडा दगावले. हाच विषाणू २०१८ मध्ये आपल्या गीरच्या सिंहांमध्येही आढळला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर रोग आत येऊ शकतो, आणि पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम शंभर ग्रॅमचं असतं. मादी वर्षातून दोन-तीन दिवसच माजावर येते. असं मिळालेलं पिल्लू कुणाच्या फोटोसाठी हातोहात फिरवणं मला पटत नाही.

जाण्यात अर्थ आहे का, याचं माझं उत्तर हो असं आहे, पण एक गोष्ट डोक्यात ठेवून जा. केंद्रांत जन्मलेल्या पांडांपैकी फार थोडे जंगलात सोडले गेलेत. २००६ मध्ये सोडलेला पहिला नर, शियांग शियांग, वर्षभरातच मेला, जंगली पांडांशी झालेल्या झटापटीनंतर. पुढे पिल्लांना माणसाची सवयच लागू नये म्हणून रखवालदार पांडाचा पोशाख घालून जाऊ लागले, आणि २०१२ मध्ये सोडलेला ताओ ताओ तगला. खरी राखण जंगलाची आहे. २०१६ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत पांडा ‘संकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी बाहेर आला तो मुख्यतः वृक्षतोड थांबल्यामुळे. तरी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की पांडासाठी राखलेल्या याच जंगलांतून बिबट्या, लांडगा आणि कोळसुंदा (रानकुत्रा) मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेत. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त लागतं. केंद्रात गेलात तर तिथल्या लोकांना याबद्दल जरूर विचारा.

वेळेचं म्हणाल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध. उन्हाळ्यात पांडा वातानुकूलित खोलीत पडून असतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा सुट्ट्यांचा, तेव्हा गर्दीत उभं राहायला जागा नसते. कधीही गेलात तरी दार उघडतानाच आत शिरा, दहानंतर बहुतेक पांडा झोपतात. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ हे चिनी लिपीत लिहून जवळ ठेवा, कारण टोफूच्या भाजीतही खिमा निघतो. आणि तिथल्या मिऱ्यांनी जीभ बधिर झाली तर घाबरू नका, आपल्या कोकणातल्या तिरफळाचीच ती भावकी आहे.