काठमांडूत एकच दिवस हाताशी आहे; तीन दरबार चौकांपैकी (काठमांडू, पाटण आणि भक्तपूर इथल्या जुन्या राजवाड्यांसमोरचे चौक) कोणता पाहावा?

पाटणचा पाहा. राजवाडा एका बाजूला, समोर देवळांची रांग, आणि बाजूलाच चालू वस्तीचा बाजार. फार न चालता सगळं नीट समजतं. तिन्ही चौकांतलं सर्वांत देखणं देऊळही माझ्या मते इथलंच: पाटणचा राजा सिद्धिनरसिंह मल्ल याने 1637 मध्ये बांधलेलं दगडी कृष्णमंदिर. नेपाळी उतरत्या छपरांचं नव्हे, आपल्या ओळखीच्या शिखराचं. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, त्याच्या वर रामायण. मान वर करून प्रसंग ओळखण्यात सहज अर्धा तास जातो. समोरच्या खांबावर हात जोडून बसलेला गरुड आहे.

मंदिराचं तोंड पूर्वेला, त्यामुळे फोटोंसाठी सकाळ बरी. मग:

- राजवाड्याच्या केशवनारायण चौकातलं संग्रहालय. धातूच्या मूर्ती उत्तम, मांडणी त्याहून उत्तम. हे चुकवू नका.
- राजवाड्याच्याच सुंदरी चौकातलं तुशा हिटी, म्हणजे राजाचं खोलगट दगडी स्नानकुंड.

तिकीट भारतीयांना सार्कच्या सवलतीच्या दरात मिळतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा.

मात्र 2015 च्या भूकंपात इथली चार नारायण आणि हरिशंकर ही देवळं कोसळली होती. आज दिसतात ती पुन्हा उभारलेली. आणि काठमांडूच्या जिवंत कुमारीचं, म्हणजे देवी मानून पुजल्या जाणाऱ्या लहान मुलीचं, घर पाहायचंच असेल, तर हनुमान ढोका, म्हणजे काठमांडूचा दरबार चौक गाठा. तिचे फोटो काढायला मनाई आहे.