आधी श्वास मोज

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या पहिल्याच आठवड्यात 'छातीत दुखतंय' म्हणून कॉल आला आणि समोर निघाला दम्याचा पेशंट, त्यानं तू पार गांगरलीस. असं होतं. फोन करणारा भेदरलेला असतो. जे दिसलं त्याला तो सुचेल ते नाव देतो. चक्कर, फिट, गॅस, दारू. ते नाव ऐकून घे, पण मनाला चिकटू देऊ नकोस. या कामात मला सगळ्यात जास्त भीती त्या चिकटलेल्या नावाची वाटते.

दारातून आत जाता जाताच बघायला लाग. आधी जागा तुझ्यासाठी धोक्याची नाही ना, ते. बंद खोलीत दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय असं कळलं, तर स्वतः बाहेर ये, चालता येणाऱ्यांना बाहेर बोलाव आणि अग्निशमन दलाला कळव. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आपला साधा ऑक्सिमीटर तेव्हाही ९८ दाखवत राहतो. मग पेशंट. हाकेला ओ देतो का, की चिमटा काढल्यावरच हलतो? श्वासाची वाट मोकळी आहे का? मनगटाला नाडी लागते का, कातडी गार आणि ओली आहे का? हे मिनिटभरात उरकतं. बेशुद्ध माणूस अधूनमधून आचके देत असेल, तर त्याला श्वास समजू नकोस. दहा सेकंदांत नाडी लागली नाही तर छाती दाबायला घे.

श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्यातले बरेच जण तो मोजतच नाहीत. बीपी, नाडी, ऑक्सिजन यंत्र सांगतं. श्वासाच्या रकान्यात अंदाजानं १६ लिहून मोकळे होतात. मीही लिहायची. नवीन असताना एका आजींना नेलं. कॉल होता 'अशक्तपणा'. त्या शांत पडून होत्या, बीपी ठीक, ऑक्सिजन ९५. मी १६ लिहिलं. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनं आजींच्या पोटावर हात ठेवला, घड्याळाकडे बघितलं, माझा आकडा खोडला आणि शेजारी ३२ लिहिलं. मला ती काही बोलली नाही. आजींना न्यूमोनिया होता आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. तो खोडलेला आकडा मला अजून दिसतो.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. शरीरात बिघाड सुरू झाला की पुष्कळदा बीपी कोसळायच्या कितीतरी आधी तो वाढतो. म्हणून पूर्ण अर्धा मिनिट मोज आणि दुप्पट कर. नाडी बघतेस असं दाखवत मनगट धरून ठेव आणि नजर छातीवर असू दे. कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो.

शुद्ध जराशी जरी इकडेतिकडे वाटली, तर बोटाला टोचून शुगर बघायचीच. तोंडाला दारूचा वास येत असला तरी. 'नेहमीचाच आहे, झोपू द्या' असं म्हणून लोक बाजूला उभे असतात, आणि हा घामानं चिंब, जीभ जड, तुलाच ढकलतोय. अशा एकाची शुगर मी ३४ पाहिली आहे. ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो; आणखी उतरली की माणूस बरळतो, भांडतो, त्याला झटके येतात. कधी एक बाजू लुळी पडून थेट पॅरालिसिससारखंही दिसतं. नीट गिळता येत असेल तरच तोंडातून साखर दे. शुद्धीवर आला आणि 'आता घरी सोडा' म्हणाला, तर तो मधुमेहाच्या कुठल्या गोळ्या घेतो ते विचार. काहींचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि शुगर पुन्हा उतरते.

शुगर ठीक आहे, पण तोंड वाकडं, उचललेला एक हात खाली घसरतोय, बोलणं बोबडं, तर 'कधीपासून?' एवढंच विचारून थांबू नकोस. 'शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, आणि कुणी?' असं विचार. सकाळी सहाला उठल्यावर लक्षात आलं, पण झोपताना रात्री दहाला ठीक होता, तर वेळ दहापासून धरायची. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ज्यानं पाहिलं त्याला गाडीत सोबत घे. ते जमलं नाही तर निदान त्याचा फोन नंबर.

हृदयाच्या झटक्याचं तुला शिकवलेलं आहेच. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांची छाती दुखेलच असं नाही, एवढं लक्षात ठेव. नुसती धाप, घाम किंवा जबड्यातली कळ असू शकते. फिटचे झटके पाच मिनिटांपुढे गेले तर ते आपोआप थांबतील म्हणून वाट बघू नकोस. अ‍ॅलर्जीनं अंगावर गांधी उठून आवाज बसला किंवा धाप लागली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, आणि तेच आधी.

गंभीर पेशंट दर पाच मिनिटांनी पुन्हा तपास, बाकीचे पंधरा मिनिटांनी. तुझ्या त्या दमेकऱ्यासारखा कुणी वाटेत एकदम गप्प झाला, छातीतली शिट्टी थांबली, की नातेवाईक म्हणतात, 'आता बरं वाटतंय.' तू स्टेथोस्कोप लाव. हवा आत-बाहेर होताना ऐकू येत नसेल, तर तो श्वास ओढून ओढून थकला आहे. अम्बू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी घे आणि दवाखान्यात कळव.

त्याचा श्वास मिनिटाला किती होता, ते तू लिहिलेलं नाहीस. पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
ताई